जुन्या दस्तातला अडलेला शब्द: अर्थ काढण्याची पद्धत

जुने खरेदीखत, फेरफाराचा (जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदीचा) उतारा, वाटणीपत्र किंवा पणजोबांचे पत्र वाचताना एखादा शब्द अडतो. मग तेवढाच शब्द कापून त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर जातो, चार जण चार अर्थ सांगतात आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा अर्थ कायम होतो. नाहीतर शब्द दिसला तसा फोनवर टाइप करून शोधला जातो. काहीच सापडले नाही की 'लिहिणाऱ्यानेच चूक केली असणार' असे धरून त्या जागी एखादा ओळखीचा शब्द बसवतात. साध्या पत्रात ही बसवाबसव खपून जाते. जमिनीच्या कागदात तिच्यामुळे हिस्सा, सीमा आणि वारस बदलतात.

बहुतेकांचा क्रम उलटा असतो. अर्थ आधी शोधला जातो आणि नेमके काय लिहिले आहे ते मागाहून बघितले जाते. खालचे सात टप्पे दिलेल्याच क्रमाने करा. पहिले चार होईपर्यंत कोश उघडू नका.

## सुरुवातीपूर्वीची तयारी

अडलेला शब्द एका कोऱ्या कागदावर जसा दिसतो तसाच उतरवा, ऱ्हस्व-दीर्घ सुधारू नका. त्याच्यासोबत तो ज्यात आला ते पूर्ण वाक्य, शक्य असल्यास आधीची आणि नंतरची ओळही घ्या. बाजूला चार गोष्टी लिहा: कागदाचा प्रकार (खरेदीखत, गहाणखत, फेरफार, सातबारा, खासगी पत्र), साल, गाव-तालुका आणि कागद मूळ आहे, झेरॉक्स आहे की कोणी केलेली नक्कल आहे.

साल आणि तालुका ही निव्वळ नोंदीची बाब नाही. १९६२ आधीचे लेखन वेगळ्या नियमांनी चालत असे. मराठवाड्यातल्या निजामी अमलातल्या कागदात उर्दू शब्द जास्त येतात, विदर्भात 'वल्द' आणि 'मौजा', कोकणात 'वरकस' (डोंगरउताराची हलकी जमीन) आणि 'खाजण' (खाडीकाठची खारी जमीन). गोव्याच्या कागदात 'मुंडकार' (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) आणि 'कोमुनिदाद' (गावाची सामायिक जमीन सांभाळणारी संस्था) भेटतात, त्यांचा अर्थ पुण्याच्या कागदांवरून लावता येत नाही.

फोटो काढताना उजेड एका बाजूने तिरका पडू द्या. शाई पुसट झाली तरी टाकाने दाबून लिहिलेल्या खुणा त्यात उठून दिसतात. फ्लॅश मारला की कागद पांढरा पडतो आणि बारीक मात्रा उडतात.

## टप्पा १: अक्षरे पक्की करा

जो शब्द 'चुकीचा' वाटतो तो पुष्कळदा बरोबर लिहिलेला आणि चुकीचा वाचलेला असतो. हस्ताक्षरात आणि झेरॉक्समध्ये घोटाळा करणाऱ्या जोड्या ठरलेल्या आहेत: घ-ध, भ-म, ब-व, प-ष, थ-य, न-त, ट-ठ-ढ, आणि 'ख' व 'रव'. ध आणि भ यांची शिरोरेषा तुटक असते. झेरॉक्सची झेरॉक्स काढताना ती फट भरून जाते आणि 'भ'चा 'म' होतो. उलट फिकट प्रतीत 'घ'ची रेघ तुटते आणि 'घेतली' हे 'धेतली' दिसते.

उपाय असा की त्याच हातचे, त्याच कागदातले ओळखीचे शब्द शोधा. गावाचे नाव, महिना, 'वडील', 'घर', 'मयत', 'रुपये' हे बहुतेक दस्तांत येतातच. शंकेचे अक्षर त्या शब्दांत कसे काढले आहे ते बघा. 'व' चे पोट कुठेच रेघेने भरलेले नसेल आणि अडलेल्या शब्दात भरलेले असेल, तर तो 'ब' आहे. एवढे करूनही ठरले नाही तर त्या जागी रेघ ठेवा, '_रकस' असे. शंका रेघेने दाखवलेली बरी. अंदाजाने अक्षर घातले की पुढे सगळे तेच खरे धरतात.

सावधान: कागद मोडीचे लिप्यंतर असेल तर ऱ्हस्व-दीर्घावर विसंबू नका. मोडीत व्यवहारात एकच इकार आणि एकच उकार चालत असे, अनुस्वार अनेकदा गाळले जात आणि शब्द न तोडता सलग लिहिले जात. 'वीहीर' आणि 'विहीर' हे तिथे एकच. लिप्यंतर करणाऱ्याने शब्द जिथे तोडले तो त्याचा निर्णय आहे, मूळ लेखकाचा नव्हे.

## टप्पा २: शब्दाची हद्द ठरवा

अडलेला 'शब्द' खरोखर एकच शब्द आहे का, की दोन चिकटलेले, की एकाच शब्दाचे ओळ संपल्यामुळे झालेले तुकडे, की संक्षेप? जुन्या कागदांत ओळ संपली की शब्द जोडरेघ न देता पुढच्या ओळीत जातो. म्हणून मागच्या ओळीचे शेवटचे आणि पुढच्या ओळीचे पहिले अक्षर जोडून वाचून बघा.

संक्षेपांनी सर्वात जास्त लोक फसतात. सातबाऱ्यावरचे 'पो.ख.' म्हणजे पोटखराब, लागवडीला न येणारा भाग. 'ए.कु.क.' म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालन कर्ता. गावाच्या नावापुढचे 'बु॥' आणि 'खु॥' म्हणजे बुद्रुक आणि खुर्द, अनुक्रमे मोठे आणि धाकटे. आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द ही दोन वेगळी गावे आहेत. संक्षेप गाळून नुसते 'आंबेगाव' लिहिले तर कागद दुसऱ्या गावाला लागतो. 'बिन' आणि 'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' आणि 'भ्रतार' यांच्यापुढे नवऱ्याचे नाव येते. 'बिन' ला 'शिवाय' समजून वाचणारे आजही भेटतात, कारण बिनशेती, बिनपगारी हे शब्द कानावर असतात.

उभ्या रेघांकडे विशेष लक्ष द्या. अक्षरानंतरची '॥' संक्षेपाची खूण असते. आकड्यानंतर तीच रेघ अपूर्णांक होते: । म्हणजे पाव, ॥ म्हणजे अर्धा, ॥। म्हणजे पाऊण. त्यामुळे ५॥ म्हणजे साडेपाच, १॥ म्हणजे दीड. टंकलेखन करताना या रेघा पूर्णविराम समजून उडवल्या तर साडेपाच रुपयांचे पाच होतात.

तपासणी: शब्दाच्या आधी आकडा आहे का, नंतर टिंब किंवा रेघ आहे का, शब्द ओळीच्या टोकाला आहे का? तिन्हींची उत्तरे लिहूनच पुढे जा.

## टप्पा ३: वाक्यालाच विचारा

कोशाआधी वाक्य. मराठीत क्रियापद आणि विशेषणे नामाचे लिंग-वचन सांगून टाकतात, हा फुकटचा पुरावा सोडू नका. 'सदर ____ आम्ही खंडाने लावून दिली' यात रिकाम्या जागी स्त्रीलिंगी नाम आहे: जमीन, बाग. 'दिला' असते तर पुल्लिंगी: मळा, बांध. 'दिले' असते तर शेत, खाचर. अडलेल्या शब्दाचा तुम्ही लावलेला अर्थ लिंगात बसत नसेल तर तो बाद.

यात दोन अडचणी आहेत. नामाला 'स' किंवा 'ला' लागला असेल तर क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात जाते, त्यावरून लिंग कळत नाही. दुसरी, जुन्या कागदात आजच्या 'च्या' ऐवजी 'चे' लिहीत: 'आमचे ताब्यात', 'वडिलांचे नावे'. तो 'चे' नपुंसकलिंगाचा नव्हे. 'आमच्या ताब्यात', 'वडिलांच्या नावे' असे मनात बदलून वाचा.

जुनी क्रियापदे अशीच ओळखून ठेवा. 'दिल्हे' म्हणजे दिले, 'जाहला' म्हणजे झाला, 'बांधिले' म्हणजे बांधले. त्यात चूक काढण्याजोगे काही नाही.

आता रिकाम्या जागेपुढे तुमचा अंदाज एका शब्दात लिहा: माणूस, जागा, रक्कम, क्रिया, नाते. नेमका अर्थ नको, फक्त जात. शेवटच्या टप्प्यात तो लागणार आहे.

## टप्पा ४: प्रत्यय सोला, मूळ रूप काढा

कोशात 'हिश्शांपैकीच्या' मिळणार नाही, 'हिस्सा' मिळेल. हे माहीत असूनही लोक अडतात, कारण सोलण्याचा क्रम चुकतो. उजवीकडून डावीकडे, एका वेळी एकच थर काढा.

आधी 'च', 'ही', 'सुद्धा'. मग 'चा-ची-चे-च्या'. मग 'पैकी', 'कडून', 'वर', 'खाली', 'सह', 'बद्दल' अशी शब्दयोगी अव्यये. मग 'ने-नी', 'ला-ना', 'स', 'त', 'हून'. मग अनेकवचनाचा अनुस्वार. जे उरते ते सामान्यरूप, आणि त्यावरून मूळ शब्द. 'खाचरांपैकीच्याच' सोलला की क्रमाने खाचरांपैकीच्या, खाचरांपैकी, खाचरां, खाचरा आणि शेवटी खाचर, म्हणजे बांध घातलेला भातशेतीचा तुकडा.

सामान्यरूपावरून मूळ शब्दाकडे परतताना हे बदल उलटे फिरवायचे:

- शेवटी 'या' जोडून आला असेल तर 'आ' किंवा 'ई' घालून बघा: रस्त्या-रस्ता, पाण्या-पाणी.
- 'शा' असेल तर 'सा' बघा: पैशा-पैसा, घशा-घसा, हिश्शा-हिस्सा.
- शेवटी 'वा' किंवा मध्ये 'व' असेल तर 'ऊ' बघा: भावा-भाऊ, देवळा-देऊळ, पावसा-पाऊस.
- मधले अक्षर मोकळे असेल तर तिथे 'ऊ' घालून बघा: कापसा-कापूस, तांदळा-तांदूळ.
- ऱ्हस्व असेल तर दीर्घ करून बघा: विहिरी-विहीर, मुला-मूल, बहिणी-बहीण.

एकाच सामान्यरूपाला दोन मूळ शब्द असू शकतात. 'भावाने' हे भाऊचेही आणि भावचेही; 'भावाने घेतली' म्हणजे भावाने विकत घेतली की चालू भावाने, ते वाक्य सांगेल.

आता सर्वात महागात पडणारा सापळा. 'वाड्यांत' हा शब्द आजच्या नियमाने अनेकवचनी आहे, एकाहून अधिक वाडे किंवा वाड्या. एकच वाडा असेल तर आपण 'वाड्यात' लिहितो. पण १९६२ पूर्वी सप्तमीच्या एकवचनातही अनुस्वार देत: घरांत, गांवांत, वाड्यांत. तेव्हा १९४० च्या कागदातला 'वाड्यांत' एकाच वाड्याबद्दल असू शकतो. जुन्या अनुस्वारावरून अनेकवचन ठरवू नका. कागदात अन्यत्र 'वाडा' की 'वाडे' आहे, घरपट्टी किती घरांची, चतुःसीमा एकच दिली आहे की दोन, यावरून ठरवा.

क्रियापद असेल तर 'णे' वर न्या. बांधिले-बांधणे, घातले-घालणे, म्हटले-म्हणणे सरळ आहेत. केले-करणे, गेले-जाणे, आले-येणे मात्र पाठच हवेत.

तपासणी: मूळ रूप काढल्यावर ते पुन्हा त्याच प्रत्ययांनी चालवून बघा. कागदातला शब्द परत मिळाला नाही तर सोलताना कुठेतरी जास्त कापले आहे.

## टप्पा ५: लेखनाच्या पर्यायांची यादी करा

मूळ रूप ओळखीचे नसेल तर ते किती तऱ्हांनी लिहिले गेले असेल याची यादी करा. मनाला येईल तसे नव्हे, पुढच्या क्रमाने, कारण वरची कारणे जास्त वेळा लागू पडतात.

जुने नियम. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडली. त्याआधी न उच्चारले जाणारे अनुस्वार लिहीत: नांव, गांव, पांच, कांहीं, नाहीं, केलें, करणें. शेवटचे इकार-उकार ऱ्हस्वही असत: कवि, गुरु, पशु. 'कवि' लिहिणाऱ्याला अशुद्ध ठरवू नका, त्याच्या काळी तेच शुद्ध होते.

ऱ्हस्व-दीर्घ. इ-ई आणि उ-ऊ यांची अदलाबदल करून बघा. मात्र जिथे दोन्ही रूपे खरे शब्द आहेत तिथे थांबा: दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब, सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे धागा, शिर म्हणजे डोके, शीर म्हणजे रक्तवाहिनी, चिर म्हणजे दीर्घकाळ, चीर म्हणजे फट. इथे निर्णय वाक्याचा.

'ई' आणि 'य'. जिराईत-जिरायत, बागाईत-बागायत. दोन्ही चालत, दोन्ही बरोबर. पंचाईत आणि पंचायत यांचे मात्र आज अर्थच वेगळे झाले; 'पंचाईत झाली' म्हटल्यावर कोणी ग्रामसभा बोलावत नाही.

व्यंजने. ळ-ल, ण-न, श-ष-स, ज-झ. ळ आणि ल यांच्याकडे दुर्लक्ष करू नका: वेळ आणि वेल, माळ आणि माल, कळ आणि कल. हिंदी वळणाच्या टंकलेखकाने 'माळ जमीन' चे 'माल जमीन' केले की वाचणारा महसुलाच्या 'माल' मागे लागतो.

अर्धा र. 'दऱ्या' म्हणजे दरीचे अनेकवचन, 'दर्या' म्हणजे समुद्र. 'आचाऱ्यांना' पगार दिला की 'आचार्यांना', यात स्वयंपाकी आणि गुरू इतका फरक आहे. जुन्या छपाईत आणि हस्ताक्षरात ही खूण बारीक असते, भिंगाशिवाय ठरवू नका.

कागद संगणकावर टाइप केलेला किंवा फोटोतून यंत्राने अक्षरे ओळखून केलेला असेल तर आणखी दोन गोष्टी. यंत्र वर दिलेल्याच जोड्यांत फसते, पण माणसासारखे अडखळत नाही. निरर्थक शब्दही ठामपणे लिहून टाकते. म्हणून मूळ चित्र बघितल्याशिवाय अशा मजकुरातल्या शब्दाचा अर्थ शोधायला बसू नका. दुसरे, 'ऱ्य' युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतो आणि डोळ्यांना सारखाच दिसतो. 'शेतकऱ्यास' शोधून सापडत नसेल तर शोधात नुसते 'शेतक' टाका. फाइल श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमधली असेल तर ती कॉपी केल्यावर अक्षरांचा गाळ निघतो. तो अपरिचित शब्द नाही, फॉन्ट रूपांतर करून घ्या.

## टप्पा ६: योग्य कोश, योग्य जागी

एकच कोश सगळ्याला पुरत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या आणि विसाव्याच्या पूर्वार्धातल्या कागदासाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) पहिला घ्या. अर्थ इंग्रजीत आहेत, पण त्या काळचा वापर तिथे नेमका सापडतो. बोलीतल्या शब्दासाठी दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. त्याचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले, आणि त्यात 'को.' कोकण, 'व.' वऱ्हाड, 'ना.' नागपूर, 'गो.' गोमंतक अशा खुणा असतात. तुमच्या कागदाच्या तालुक्याशी ती खूण जुळते का ते बघायचेच. हे दोन्ही कोश इंटरनेटवर मोफत शोधता येतात. दस्ताच्या भाषेत फारसी-अरबी शब्द भरपूर असल्याने माधवराव पटवर्धनांचा १९२५ चा फार्सी-मराठी कोशही हाताशी असावा. १९६० नंतरच्या सरकारी कागदासाठी भाषा संचालनालयाचे शासनव्यवहार आणि न्यायव्यवहार कोश. 'निरंक' म्हणजे 'नोंद करण्यासारखे काही नाही' असले शब्द तिथले.

कोश उघडल्यावर शब्द न सापडण्याचे पहिले कारण अनुस्वार. जुन्या कोशांत 'गाव' नव्हे 'गांव', 'करणे' नव्हे 'करणें' अशी नोंद असते. इंटरनेटवरच्या शोधात तर अनुस्वाराविना काही वेळा पाटी कोरीच येते. छापील कोशात क्रमही बदलतो. तुमच्या कोशात अनुस्वाराचा शब्द कुठे ठेवला आहे ते पहिल्या पानांवर तपासा: 'अंक' हा 'अकरा' च्या आधी आहे की नंतर? तसेच 'क्ष' हे 'क' च्या पोटात आहे की अगदी शेवटी, आणि 'ळ' हे 'ल' नंतर आहे की 'ह' नंतर. ही दोन मिनिटांची तपासणी न करता 'कोशात नाही' असे म्हणू नका.

नोंद सापडली की कंसातली व्युत्पत्तीची खूण वाचा. 'फा.' किंवा 'अर.' दिसले की शब्दाचे तुकडे करून बघता येतात: 'बे' म्हणजे विना, 'ना' आणि 'गैर' नकारासाठी, 'दर' म्हणजे प्रत्येकी, 'दार' म्हणजे धारण करणारा, 'नामा' म्हणजे लेख. बेवारस, नामंजूर, गैरहजर, दरसाल, खातेदार, करारनामा. मात्र हे तुकडे खुणेनंतरच करायचे. बेलदार हा 'बे' लागून झालेला शब्द नाही, आणि प्रत्येक 'दर' फारसी नसतो.

## टप्पा ७: अनेक अर्थांतून एक निवडा

खरी मेहनत इथे आहे, आणि ओळखीचे शब्दच इथे घात करतात. अपरिचित शब्दापुढे माणूस सावध असतो. 'अज्ञान' वाचून कोण कोश उघडणार? दस्तात अज्ञान म्हणजे अल्पवयीन, सज्ञान म्हणजे वयात आलेला. भाषांतराचे यंत्र तिथे बेधडक 'अडाणी' च्या अंगाने अर्थ देते.

'मजकूर' आज लेखी मजकुरासाठी वापरतो. दस्तातल्या 'मौजे मजकूर' चा अर्थ 'वर सांगितलेले गाव'. 'सदर' आणि 'सदरहू' त्याच कामाचे. 'आकार' म्हणजे जमिनीचा आकार नव्हे, तिच्यावर बसवलेला सारा. 'खंड' म्हणजे कुळाने जमीनमालकाला द्यायचा मोबदला. 'कूळ' म्हणजे ती जमीन कसणारा, घराणे नव्हे. 'कुळाचे नाव' या रकान्यात आडनाव शोधू नका. 'राजीनामा' वाचून पणजोबांनी नोकरी सोडली असे समजू नका: मुंबई इलाख्याच्या महसुली कागदांत राजीनामा म्हणजे जमिनीवरचा हक्क सोडल्याचा लेख, आणि त्याच्या जोडीला नव्या धारकाची 'कबुलायत', म्हणजे जमीन स्वीकारल्याचा लेख, असे. 'तर्फ' हा तालुक्याखालचा जुना विभाग आहे. 'पारगाव तर्फे आळे' हे जुन्नर तालुक्यातले गाव. तिथे कोणी कोणाच्या वतीने काही केलेले नाही.

हिंदीचा ओढाही तपासा. 'हरकत' मराठीत आक्षेप, हिंदीत कृती. 'शिक्षा' मराठीत दंड, हिंदीत शिक्षण. निजामी भागातल्या कागदात मात्र उर्दू अर्थ असण्याची शक्यता खरोखरच असते, म्हणून तालुका लिहून ठेवायला सांगितला.

अर्थ निवडल्यावर त्याला चार कसोट्या लावा.

पहिली, तो अर्थ वाक्यात घालून पूर्ण वाक्य आजच्या मराठीत म्हणा. दुसरी, तोच शब्द त्याच कागदात दुसरीकडे आला असेल तर तिथेही तोच अर्थ चालतो का बघा. एकाच ठिकाणी बसणारा अर्थ संशयास्पद. तिसरी, टप्पा ३ मध्ये लिहिलेल्या जातीशी तो जुळतो का. चौथी, सालाशी जुळतो का. हेक्टर-आर आहे तर कागद दशमान पद्धतीनंतरचा, एकर-गुंठे आहे तर बहुधा आधीचा. शके साल असेल तर ७८ मिळवा, दख्खनी फसली असेल तर ५९० मिळवा, म्हणजे इसवी सन अंदाजे निघतो. जानेवारीपासून ते साल संपेपर्यंतच्या तारखांना एक वर्ष जास्त मिळवावे लागते.

आकड्यांशी जोडलेल्या शब्दाला पाचवी कसोटी आहे, हिशेबाची. रुपयाचे १६ आणे, म्हणून '४ आणे हिस्सा' म्हणजे एक चतुर्थांश. एकराचे ४० गुंठे. सर्व हिस्सेदारांचे आणे मिळून १६ होत नसतील तर कुठेतरी एक शब्द किंवा रेघ चुकीची वाचली आहे.

### एक वाक्य सोडवून

नमुन्यासाठी रचलेले वाक्य घ्या: 'मौजे मजकूर येथील बरकस जमीन आमचे अज्ञान मुलाचे हिश्यांत आली असून तिची वाहीवाट आम्हीच करीत आहो.'

'बरकस' ओळखीचा नाही. टप्पा १: ब-व जोडी, त्याच हातचा 'वाहीवाट' मधला 'व' ताडून पाहिला, दोन्ही सारखेच निघाले, म्हणून 'वरकस'. डोंगरउताराची हलकी जमीन. कागद कोकणातला असेल तर तालुकाही दुजोरा देतो. 'आमचे... मुलाचे' हे आजचे 'आमच्या... मुलाच्या'. 'हिश्यांत' मधला अनुस्वार जुन्या सप्तमीचा असू शकतो, त्यावरून अनेक हिस्से धरायचे नाहीत; मुलगा एकच, म्हणून हिस्साही एकच. मूळ शब्द हिस्सा. 'अज्ञान' म्हणजे अल्पवयीन. 'वाहीवाट' ऱ्हस्व-दीर्घ फिरवून 'वहिवाट', प्रत्यक्ष ताबा आणि उपभोग. 'तिची' स्त्रीलिंगी आहे, म्हणजे वहिवाट जमिनीची. हिश्शाची असती तर 'त्याची' आले असते.

आजच्या भाषेत: वरील गावातली वरकस जमीन आमच्या अल्पवयीन मुलाच्या हिश्शात आली असून ती प्रत्यक्षात आम्हीच कसतो. घाईने वाचणाऱ्याने यातून एक अडाणी मुलगा, अनेक हिस्से आणि एक पायवाट काढली असती.

## नोंद ठेवताना, आणि कागद वापरताना

शब्दाची नोंद चार रकान्यांत करा: कागदात आहे तसा शब्द, मूळ रूप, निवडलेला अर्थ, कोणत्या कारणाने निवडला. खात्री नसेल तर अर्थापुढे चौकोनी कंसात प्रश्नचिन्ह द्या. दोन अर्थ तितकेच शक्य असतील तर दोन्ही लिहा. पुढच्या कागदात तोच शब्द आला की ही शंका पुष्कळदा सुटते.

नक्कल करताना मूळ लेखन बदलू नका. 'वाहीवाट' ला 'वाहीवाट' च ठेवा आणि शुद्ध रूप बाजूला द्या. मूळ कागदावर पेन्सिलीनेही खूण करू नका. नोंदणी कार्यालयात किंवा न्यायालयात तो कागद दाखवायचा झाला तर ती खूण विनाकारण प्रश्न उभे करते. अर्थावर पैसा किंवा हक्क अवलंबून असेल तर झेरॉक्सवर न थांबता प्रमाणित नक्कल मागवा, पहिल्या टप्प्यातल्या निम्म्या शंका तिथेच मिटतात.

सातबाऱ्यावर नाव किंवा शब्दच चुकीचा उतरला असेल, म्हणजे फेरफारात एक आणि सातबाऱ्यात दुसरे, तर ती हस्तदोषाची चूक असते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५५ खाली दुरुस्तीसाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. अर्जाला मूळ फेरफाराची प्रत जोडा आणि कोणता शब्द कोणत्या ओळीत चुकला ते नेमके लिहा. 'नावात चूक आहे' एवढ्याने अर्ज पुढे सरकत नाही.